दशक्रियेतला मंगल सोहळा

"आत या, भिजाल. उभं राहायचं भाडं घेत न्हाई आमी."

मिरजगावच्या स्टँडसमोर, साउंड सर्व्हिसच्या दुकानातून हा आवाज आला आणि नगरच्या एसटीची वाट बघत उभी असलेली सिल्व्हिया दचकली. पावसाची सर अंगावर घेत तिथंच उभं राहावं, की सरळ पळून जावं? तिनं तो आवाज ओळखला होता. ओळखणारच. हेडफोन लावून तो दिवसभर ऐकला होता तिनं, कापला होता, जोडला होता.

सिल्व्हिया नगरच्या 'कुचाळकी' या विनोदी चॅनलमध्ये कामाला होती. खोट्या बातम्या गंभीर चेहऱ्यानं द्यायच्या, पॉडकास्टमध्ये पुढाऱ्यांची खेचायची, असा त्या मंडळींचा उद्योग. त्यांचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ सिल्व्हियाचाच. एका दशक्रिया विधीत निवेदक माइकवर म्हणतो, "या मंगल सोहळ्यास उपस्थित सर्वांचे सहर्ष स्वागत." त्यावर तिनं सनई लावली, अक्षता उडवल्या आणि खाली बातमीची पट्टी सोडली – 'आता दशक्रियेलाही आहेर स्वीकारणार'. अख्खा जिल्हा हसला. तो निवेदक आता तिच्यासाठी स्टूल पुसत होता... आणि दिसायला इतका साधा, इतका छान होता की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गरम हाय, जपून," चहाचा कप पुढं करत तो म्हणाला. "मी अमृत. तुमी काय करता?"

"आवाजाचं... काम. रेकॉर्डिंग वगैरे."

"म्हंजे आपन एकाच धंद्यातले की."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट पुढच्या आठवड्यात बाईसाहेब माइकचं स्टँड दुरुस्तीला घेऊन मिरजगावात हजर. नगरमध्ये काय दुकानं नाहीत? मग वायर आली. मग पुन्हा तेच स्टँड.

"लईच नाजूक तब्येत हाय याची," अमृत एकदा स्क्रू पिळत म्हणाला. "का मुद्दाम आजारी पाडता?"

"डॉक्टर ना तुम्ही? इलाज करा. चौकशा कशाला?"

"पेशंटची न्हाई करत चौकशी. त्याला घेऊन कोन येतं, त्याची करतोय."

त्यानं वर पाहिलं. ती लाजली, आणि लाजता लाजताच शरमली. हा माणूस आपल्याकडे असं बघतो, कारण आपण कोण हे त्याला माहीत नाही. ही नजर आपण चोरूनच घेतोय. परतीच्या एसटीत दर वेळी तिला रडू यायचं, आणि नगर येईपर्यंत पुढच्या खेपेचं निमित्त सुचलेलं असायचं. अशी ही बाई.

लग्नसराई सुरू झाली. एके दुपारी ती दुकानात असतानाच नवरीचा मामा येऊन उभा राहिला. "अमृतभाऊ, चला की. सत्काराची नावं तुमच्याबिगर कोन घेनार?"

"साउंड लावून देतो, मामा. माइक न्हाई धरनार."

मामा हिरमुसून गेला. "का नाही धरणार?" सिल्व्हियानं विचारलं. उत्तर ठाऊक असून विचारलं, आणि स्वतःचीच चीड आली तिला.

"उभा राहिलो की पोरं शिट्ट्या मारत्यात. एक व्हिडिओ आल्ता. पाहिला असंल तुमी." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "ती दशक्रिया काकासाहेबांची हुती. माइक धरायला त्यांनीच शिकवलं मला. नावं कशी घ्यायची, मान आधी कुनाचा... सगळं. लई मंडप गाजवले आमी दोघांनी. त्या दिवशी समोर त्यांचा फोटू. घसा भरून आला, काई सुचंना. मग जे तोंडात बसल्यालं हुतं, तेच बाहेर आलं."

"तुम्ही हुंदके देत होतात," सिल्व्हिया हळूच म्हणाली.

अमृतचा हात थांबला. "व्हिडिओत न्हवतं ते. तुमाला कसं म्हाईत?"

"मी कापलं ते. हुंदके ऐकू आले तर कुणी हसणार नाही, म्हणून कापले. मी 'कुचाळकी'त आहे, अमृत. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं तुम्हाला, तरी चहा प्यायले. येत राहिले, कारण तुम्ही... तुम्ही आवडायला लागलात मला. आणि स्वतःची इतकी लाज वाटते, की आरशात बघवत नाही."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मी पूर्ण व्हिडिओ टाकते," ती घाईघाईनं म्हणाली. "सगळ्यांसमोर माफी मागते."

"हाय तो काढून टाका. दुसरा नका टाकू." तो शांत होता, त्यानंच तिला जास्त लागलं. "ते रडनं माझं हाय. आधी लोकांना हसायला दिलं, आता हळहळायला देनार का?"

माफीतही आपण आपलीच सोय पाहिली, हे तिला कळलं आणि कानशिलं तापली. तिनं पर्स उचलली.

"निघाल्या?"

"कुठल्या तोंडानं थांबू?"

"राग आलाय मला," अमृत म्हणाला. "लई आलाय. पन तुमी गेल्या तर काढू कुनावर? राग जाईस्तोवर थांबा."

"आणि... नाहीच गेला तर?"

"मग काय," तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, "थांबावंच लागंल तुमाला."

सिल्व्हिया बसली. मान वर करायची हिंमत तिला होईना, आणि तोही दुसरीकडंच बघत राहिला. पण नगरची एसटी समोर लागली, भरली आणि निघून गेली, तरी ती उठली नाही.