एकच हिसका

"दोरी कोण ओढत होतं?"

धाकट्यानं हे पोलिसांना विचारलं. डॉक्टरांना विचारलं. शवागाराच्या दारातल्या पहारेकऱ्यालाही विचारलं.

गोदामामागे रात्रीची जेवणं उरकली की म्हातारा मुकादम ही गोष्ट सांगतो. तीही नवी पोरं सुट्टीला तंबू घेऊन शहराबाहेर निघाली असतील तरच. "खरी आहे का हो मामा?" असं एखाद्यानं विचारलंच, तर म्हणतो, "माझ्या हाताखालची माणसं होती ती. मुकाट्यानं ऐक."

दादा आणि धाकटा, सख्खे भाऊ. परक्या देशात येऊन याच गोदामात मालट्रकांवर ताडपत्री बांधायचे. दादाची गाठ म्हणजे गाठ. ट्रक चार घाट उतरून गेला तरी ढिली पडायची नाही, आणि सोडायलाही दादासारखाच हात लागायचा. धाकट्याला ती कधी जमली नाही. उतावळा माणूस. शाळासुद्धा त्यानं एका दुपारी मधल्या सुट्टीत उठून सोडली होती, ती कायमची.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार. वहिनीला कधीची तळ्याकाठी एक रात्र काढायची होती. तिघं दादाच्या जुन्या गाडीतून निघाले. तंबूंसाठी राखलेलं मैदान होतं, दिवे होते, पहारा होता. पण ते भरलेलं.

"परत फिरू," दादा म्हणाला.

"पुढे झाडीपलीकडे हवी तेवढी जागा आहे की! आलोय तर राहू. कोण खातंय आपल्याला?"

दादानं ऐकलं. धाकट्यापुढे त्याचं कधी चाललंय?

मोठा तंबू वर, गाडीजवळ लागला. धाकट्याचा खाली, उंच गवताआड. "भाऊजी घोरतात, मला झोपायचंय," ही वहिनीची अट. मग दादानं गाडीतून ट्रक बांधायची दोरी काढली. एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं धाकट्याकडे टाकलं. "हे घोट्याला बांध."

"भाऊ आहे की बैल?" वहिनी हसली.

"बैल बरा. थांब म्हटलं की थांबतो." मग धाकट्याकडे वळून, "नीट ऐक. दोन हिसके म्हणजे ये. एक हिसका म्हणजे जागचा हलू नकोस. कळलं का, शहाण्या?"

धाकट्यानं बुटाच्या नाडीला मारतात तसली गाठ मारली. शेपूट ओढलं की मोकळी. खुंट्या ठोकायचा हातोडा उशाशी घेतला आणि आडवा झाला. तंबूचं दार तळ्याकडे होतं. दोरी मागच्या कापडाखालून आत आली होती.

रात्री गवतात बूट वाजले. बरेच बूट. वर गाडीचं दार उघडल्याचा आवाज. मग दादाचा, "कोण आहे?"

मग लोखंड हाडावर बसलं.

तो आवाज कधी ऐकलेला नसला तरी ओळखू येतो, पोरांनो.

धाकटा हातोडा घेऊन दाराकडे उसळला. मागून एक हिसका. तोंडावर आपटला. उठला. पुन्हा हिसका. म्हणजे दादा जिवंत आहे! त्यानं गाठीचं शेपूट ओढायला हात घातला. शेपूट नव्हतं. चाचपलं... ती त्याची गाठच नव्हती. जाड, दुहेरी, दगडासारखी. त्यानं दात लावले. वर वहिनी किंचाळत होती. त्याचा पुढचा दात तुटला. तोंड रक्तानं भरलं. वर लोखंड पडतच होतं. कापडावर. मांसावर.

"भाऊ..."

एवढंच आलं वहिनीचं. पुढचं अक्षर आलं नाही.

त्यानं ओरडायला तोंड उघडलं. हिसका. असा की तो फरफटत मागच्या कापडावर आदळला. तोंड कापडात दाबलं गेलं.

दादाची गाडी सुरू झाली. गेली.

मग काही नाही...

मग दोरी. सावकाश. एक हिसका. थोडं थांबून, एक. पुन्हा एक.

हलू नकोस... हलू नकोस...

तो हलला नाही. दादा आहे, एवढंच धरून पडून राहिला. उजाडलं तेव्हा दोरी थांबली.

पोलिसांनी ती घोट्यालगत कापली आणि माग काढत वर गेले. दोरी मोठ्या तंबूपर्यंत पोचतच नव्हती. मध्येच, ओल्या गवतात तुटकं टोक पडलं होतं. कशालाच बांधलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मोठा भाऊ पहिल्याच घावात गेला. दादाच्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, नंतर हा हात हललेला नाही.

ओळख पटवायला मुकादम शवागारात गेला. धाकट्याच्या घोट्यावर गाठ अजून तशीच होती. कुणी कात्री जवळ आणली की तो पाय ओढून घ्यायचा. मुकादमानं ती पाहिली आणि वाकून तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही ट्रकवरची गाठ. तू कधी शिकलास रे?"

"नाही शिकलो."

शवपेट्या बंद व्हायच्या आधी धाकटा आत गेला. पोलिसांनी परत दिलेली दोरी त्यानं दादाच्या मनगटाला बांधली, मग वहिनीच्या. आपल्याला येते तीच नाडीची गाठ मारून. दोघांमधली दोरी बोटांत धरली. मुकादम दारातून बघत होता.

"मी आहे नीट," धाकटा म्हणाला. "आता तुम्ही हलू नका."

आणि त्यानं हलकेच, एकच हिसका दिला.

घोट्यावरची गाठ सुटून फरशीवर पडली.