एकशे त्रेचाळिसावी वायर

दार लावून घ्या आणि जरा जवळ सरका. मोबाईल उलटे ठेवा. नाही, मी मध्येच ओरडून कुणाला दचकवणार नाही, तसल्या गोष्टी सांगायचं माझं वय गेलं. ही घडलेली गोष्ट आहे, आणि ज्याच्यावर गुदरली तो माणूस सतरा वर्षं माझ्या डब्यातलं खात आलाय. त्याचं नाव घेत नाही. आम्ही त्याला झटपट म्हणायचो.

झटपट पॅनेल वायरमन होता. मोठ्या मोटरी चालू-बंद करणारी लोखंडी कपाटं असतात ना, त्यांच्या पोटातलं वायरींचं जंजाळ तो करायचा. दुसऱ्याला जिथं दोन दिवस लागत, तिथं हा पहिल्याच संध्याकाळी हात पुसून मोकळा. साहेब लोक त्याच्यावर खूश. नाखूश एकच माणूस, त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. हा धंदा त्याला दाजींनीच शिकवलेला.

वायरीच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात, तिला लग म्हणतात. ती दाबून बसवायची पक्कड वेगळी असते. तिच्या पोटात दातेरी पट्टी असते. एकदा दाबायला घेतली की टक्, टक्, टक् करत ती पुढेच जाते. मागे फिरत नाही. पूर्ण दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, कामचुकार माणसाला अर्ध्यावर सोडता येऊ नये म्हणूनच तशी बनवलेली. खरोखर काही अडकलंच, तर सोडवायला बाजूला एक बारीक कळ असते.

दाजी त्या पकडीला पोटच्या पोरीसारखं जपायचे. दर शनिवारी जुन्या बनियनच्या फडक्यावर ती आडवी ठेवायची, ब्रशनं जबड्यातला तांब्याचा भुगा झाडायचा, सांध्याच्या खिळीवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि जास्तीचं लगेच पुसायचं, कारण तेल लगाला लागलं की पकड धरत नाही. मग एक नमुन्याचा लग दाबून बघायचा. जबडा झिजला की पक्कड टक् म्हणते आणि खोटं बोलते, असं ते सांगायचे. आणि दाबलेली प्रत्येक वायर ते ओढून बघत. एकदा हलकेच, एकदा दमदार, मग पुन्हा हलकेच. झटपट त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचा.

झटपटनं काय केलं होतं, तर आपल्या पकडीतले शेवटचे दोन दात कानशीनं घासून टाकले होते. पक्कड दोन टक् आधीच सुटायची. दिवसाला दोन-तीनशे लग दाबणाऱ्याच्या मनगटाला तेवढाच आराम. लग वरून अगदी बसल्यासारखा दिसायचा, आणि ओढून बघणार कोण?

गावाला पाणी चढवणाऱ्या पंपाच्या खोलीत दोघं कामाला होते. मोटरीचे सहा लग झटपटनं दाबले. रात्री मोटर भारावर चालवून बघायची होती. दाजी आत थांबले, झटपट चहा आणायला गेला. सहापैकी एक लग सैल होता. तो तापला, ठिणगी पडली, पॅनेल पेटलं. धुरानं खोली भरली. दाराची कडी आतून अडकली ती निघालीच नाही. झटपट चहा घेऊन आला तेव्हा... जाऊ दे. त्या दाराच्या आतल्या बाजूवर हातांचे ठसे होते, इतकंच सांगतो.

चौकशी झाली. अर्धवट दाबलेला लग सापडला. साहेबांनी विचारलं, हा कुणी दाबला? झटपट म्हणाला, दाजींनी.

मेलेला माणूस काय बोलणार? कागदावर लिहिलं गेलं की, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. त्याच्या ताईला तेच कळलं, शेजारपाजाऱ्यांना तेच कळलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक लग न ओढता सोडला नाही, तो आपल्याच हातानं मेला असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले. झटपट ते ऐकून घ्यायचा. ताईच्या घरी जाणं त्यानं कमी केलं. नंतर बंदच केलं.

दोन वर्षं गेली. त्याच खोलीत नवीन पॅनेल बसायचं होतं. झटपटनं बरीच टाळाटाळ केली, पण दुसरा माणूस नव्हता आणि सकाळी सहाला पाणी सोडायचं होतं. डिसेंबरची अकरा तारीख, सोमवार. रात्री पावणेनऊला तो आत शिरला. दार आता नवं होतं, आतून नुसता दांडा ढकलला की उघडणारं. पुन्हा कुणी अडकू नये म्हणून मुद्दाम तसं बसवलेलं. भिंतीला नवा रंग होता. खिडकी नव्हती. रेंज तर तिथं कधीच नव्हती. म्हातारा पहारेकरी पार फाटकाशी, दोनशे पावलांवर. बोचरा वारा आत येत होता म्हणून झटपटनं दार ओढून घेतलं.

एकशे बेचाळीस वायरी. पहिल्या शंभर त्यानं नीट केल्या, मला त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलंय. पक्कड कंपनीची होती, दात शाबूत. पण तिला कित्येक महिने कुणी तेल दाखवलं नव्हतं, खिळीत भुगा बसलेला, प्रत्येक दाबाला मनगट पिळवटत होतं. बारा वाजून गेले. हात दुखत होता, पण हात हे निमित्त. त्याला त्या खोलीत एक मिनिटही जास्त राहायचं नव्हतं. शंभरच्या पुढे तो अर्धं दाबून बाजूची कळ फिरवायला लागला. टक्, टक्, कळ. टक्, टक्, कळ. बेचाळीस लग असे झाले.

पावणेदोनला शेवटचा स्क्रू आवळला. हत्यारं पिशवीत टाकली. दाराचा दांडा ढकलला.

दार हललं नाही.

त्यानं खांदा लावला. लाथ मारली. पहारेकऱ्याला हाका मारल्या. बाहेर वाऱ्याचा आवाज होता, बाकी काही नाही. नवं दार आहे, थंडीनं आवळलं असेल, असं तो स्वतःला समजावत होता. पाठ दाराला टेकून उभा राहिला. समोर पॅनेल उघडं.

पहिल्या नंबरची वायर हलली.

हलकेच. मग दमदार. मग पुन्हा हलकेच.

दुसरी हलली. तशीच. तिसरी...

दिवा गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं असं तो म्हणतो. लख्ख उजेडात सगळं दिसत होतं. पॅनेलची पाठ भिंतीला बोल्टांनी आवळलेली, मध्ये चार बोटांची फट. तिथं माणूस जाणं शक्यच नव्हतं. आणि त्या फटीतून कुणीतरी एकेक वायर ओढून बघत होतं. क्रमानं. एकही न गाळता. घाई नव्हती.

कोण आहे हे झटपटला तिसऱ्या वायरीलाच कळलं होतं.

पन्नास झाल्या. ऐंशी झाल्या. सगळ्या टिकल्या. तो मनात मोजत होता, कारण पुढे काय होणार हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शंभर...

एकशे एक. हलकेच. मग दमदार.

सर्रकन वायर लगातून निघाली आणि आत गेली. लग रिकामा.

एकशे दोन. सर्र...

एकशे तीन...

बेचाळीसच्या बेचाळीस निघाल्या. मग शांतता. झटपट पुन्हा दाराकडे धावला, दांड्यावर लटकला, बुक्क्या मारल्या. बुक्क्या मारता मारता त्याला दिसलं की, आपले घामेजले हात दारावर कुठे उमटताहेत... तो मागे सरला. खाली बसला. रडला.

मग उठला. दुसरं करणार काय? पक्कड काढली, आपल्या बनियनचं टोक फाडून जबडा पुसला, खिळीवर तेलाचा थेंब टाकला, जास्तीचं पुसलं. वायरी आतून बाहेर काढल्या, टोकं सोलली, नवे लग घेतले. एकेक पूर्ण दाबला, शेवटच्या टक् पर्यंत. स्क्रू आवळून हात मागे घेतला की ती वायर तिकडून ओढली जायची. टिकली की पुढची. त्याला वेळेचं भान राहिलं नाही. कळ त्यानं एकदाही फिरवली नाही.

राहिली शेवटची. एकशे बेचाळीस.

लग घातला. दाबायला घेतलं. टक्. टक्.

आणि हाताची कातडी पकडीच्या दोन दांड्यांच्या सांध्यात चिमटली.

जीव कळवळला. कळ फिरवायला गेला... कळ फिरेना. जबड्यात लग, लगात वायर, दांड्यांत हात. आणि वायर तिकडून ओढायला लागली. हलकेच नाही. सावकाश, सतत. त्याचा हात पॅनेलमध्ये चालला. मनगट. कोपर. गाल लोखंडाला टेकला.

मागे यायचा रस्ता नव्हता. पूर्ण दाबल्याशिवाय ती सुटणार नव्हती.

"दाजी," तो म्हणाला, "तो लग माझा होता."

ओढ थांबली. पण सुटली नाही.

"मी खोटं बोललो. ताईला सांगतो. आज सांगतो."

मग त्यानं डावा हातही लावला आणि आपल्याच कातडीवर सगळा जोर टाकून दाबलं. टक्.

पक्कड उघडली. पाठीमागे दारही उघडलं, वारा आत आला.

साडेपाचला तो ताईच्या दारात उभा होता. हाताला रक्ताळलेलं फडकं. ताई चूल पेटवत होती. त्यानं उंबऱ्यातच सगळं सांगितलं, घासलेल्या दातांपासून. ताई रडली नाही, ओरडली नाही. चुलीतलं पेटतं लाकूड तिनं मागे ओढलं.

"दोन वर्षं मी त्यांनाच बोल लावत होते," ती म्हणाली. "रोज."

मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मला तिथं ने."

पुढे झटपटनं सगळं साहेबांना लिहून दिलं, त्याचं लायसन गेलं. ताई त्याच्याशी बोलायला लागली, पण सात महिन्यांनी. तो वेगळा विषय. त्या सकाळी दोघं पोचले तेव्हा पंप सुरू झाला होता, आणि साहेब नकाशा हातात धरून डोकं खाजवत उभे होते. नकाशावर एकशे बेचाळीस वायरी होत्या. पॅनेलमध्ये एकशे त्रेचाळीस.

जास्तीची वायर काळी होती. नंबर नाही. लग इतका सुबक दाबलेला की साहेबांनी तो दोनदा वाकून पाहिला. दुसरं टोक पाठीमागे भिंतीत गेलेलं. त्यांनी गिलावा खरवडला, वायर विटेत शिरलेली. भिंतीच्या पलीकडे मोकळं माळरान.

ताईनं मेन स्विच बंद करायला सांगितला. जवळ गेली. ती वायर दोन बोटांत धरली आणि हलकेच ओढली. थांबली.

झटपट तिच्या मागेच होता. त्यानं पाहिलं ते सांगतो. ताईनं बोटं सैल सोडली होती. वायर ताणलेलीच राहिली. तिकडून.

ती वायर अजून कुणी कापलेली नाही.