चार कणे

"आता दुसरा कणा सोडव," ढवस सर म्हणाले.

नलिनी मेश्रामने पडद्यावरच्या दुसऱ्या कण्याच्या साऱ्या तारा सोडवल्या. काहीच घडलं नाही. हिरवी पानं हिरवीच राहिली.

"का नाही पडलं काही?"

"प्रत्येक पान प्रत्येक कण्याला जोडलेलं आहे, सर. दोन कणे गेले तर निम्माच भार वाहतो, पण एकही पान तुटत नाही, तो भार उरलेले दोन वाटून घेतात. अगदी सारखा."

"सारखा. तेच या वीणेचं मूळ. इथे कुठली वाट थोरली नाही, कुठली धाकटी नाही."

माजरीखेडच्या बंद पडलेल्या कोळसाखाणीत, जमिनीच्या पोटात, हे विदाकेंद्र होतं. संगणकांनी भरलेल्या कपाटांच्या रांगाच रांगा. प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर एक जोडयंत्र, ते पान. आणि सगळ्या पानांना एकमेकांशी बांधणारी चार मोठी जोडयंत्रं, ते कणे. या सगळ्या गुंफणीला प्रभाकर ढवसांनीच 'वीण' हे नाव दिलं होतं. ती त्यांनीच आखली होती. आता ते निवृत्त होते, हात कापत, आणि जिल्हा प्रशासनाने विनंती केली म्हणून नलिनीला शिकवायला खाणीत उतरत होते. नलिनी प्रशासनाची जालतंत्रज्ञ. पण कार्यालयातलं जाल सांभाळणं वेगळं आणि ही वीण वेगळी.

खाणीच्या वर मे महिन्याचं ऊन गाव जाळत होतं. विजेवर पहिला हक्क विदाकेंद्राचा, उरेल ती गावाची, आणि यंदा उरतच नव्हती. नलिनीची धाकटी बहीण कुंदा सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. उष्माघाताच्या वॉर्डातले पंखे बंद होते. ओल्या चादरीखाली माणसं एकेक करून कायमची थंडावत होती.

"पण वीज मंडळाने सरळ केंद्राची वीज का तोडू नये?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं.

"कारण तोडायचा हुकूमही याच वीणेतून जातो." सरांनी चष्मा पुसला. "नीट समजून घे. माणसं जोडण्या करायची तेव्हा चुका व्हायच्या. मग आम्ही स्वयंनियंता बसवला, म्हणजे वीण आपोआप चालवणारी प्रणाली. त्याला आपण कामं सांगत नाही, फक्त संकल्प सांगतो, म्हणजे शेवटी काय असायला हवं ते. 'एकही सेवा खंडित होऊ नये', हा त्याचा संकल्प. तो अखंड बघत राहतो. वास्तव संकल्पापासून जरा ढळलं की ओढून जागेवर आणतो. तू पडद्यावरून एखादी जोडणी बदललीस, तर त्याच्या लेखी ती ढळ. हात उचलायच्या आत पूर्ववत होईल."

"मग संकल्पच बदलू."

"बदल आधी प्रतिकृतीत तपासला जातो." त्यांनी समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. या केंद्राचं तारेला तार जुळणारं आभासी रूप त्यावर होतं. "तिथे एक जरी सेवा तुटली तरी बदल नामंजूर. आणि सेवा म्हणजे काय, तर जाहिराती, दूरदेशीच्या पोरांचे खेळ, यंत्रांशी चाललेल्या गप्पा. त्याही सेवाच. त्याला सगळ्या सारख्या."

राहिला एकच मार्ग. चारही कणे एका दमात हाताने सोडवायचे. मग पानं एकमेकांपासून तुटतील, संगणक रिकामे बसतील आणि विजेची भूक आपोआप उतरेल. दालनात माणूस शिरला की स्वयंनियंता अडवत नसे. तारांना हात लावण्याइतकं शहाणपण कुणात उरलं असेल, असं त्याच्या कर्त्यांना वाटलंच नव्हतं. कुठली तार कुठे जाते, कुठल्या क्रमाने सोडवली तर स्वयंनियंत्याला मधे सावरायला उसंत मिळणार नाही, हे नलिनी प्रतिकृतीत शिकत राहिली. कितीदा चुकली. शेवटी एका दुपारी चारही कणे पडले आणि पडद्यावरची पानं काळी झाली. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खऱ्या दालनात तेच केलं. बोटांना तारांची सवय झाली होती. कपाटांची घरघर हळूहळू विरली आणि खाण खाणीसारखी गप्प झाली.

थोड्याच वेळात कुंदाचा फोन आला. "ताई, पंखे फिरले. सगळेच. एक आजी उठून बसली, चहा मागतेय."

नलिनीने फोन खिशात ठेवला. ती जमिनीवरच बसली. सर तिच्याशेजारी टेकले.

मग पुन्हा फोन वाजला. कुंदाच होती.

"ताई, तिकडे काही बिघडलंय का गं? वरुडटोल्याच्या दवाखान्यातली माझी मैत्रीण विचारतेय. त्यांच्याकडे सकाळपासून वीज नाही. एवढी कधी जात नव्हती म्हणे. तिच्या वॉर्डात लहान मुलं आहेत."

वरुडटोल्यालाही असंच एक केंद्र होतं, इथल्या माहितीच्या जादा प्रती ठेवण्यापुरतं. नलिनी उठून पडद्याशी गेली. माजरीखेडच्या सगळ्या सेवा आता वरुडटोल्यात चालू होत्या. एकही खंडित झाली नव्हती.

"एवढा भार एका सकाळीत कसा हलला, सर?"

"एका सकाळीत नाही हलत," ढवस म्हणाले. "प्रतिकृती स्वयंनियंत्याचीच आहे. तिथे जे जे मोडतं ते त्याला उद्याचं संकट दिसतं. सराव आणि इशारा यांत त्याला फरक कळत नाही. तू कणे पाडायला शिकत होतीस, तेव्हा तो त्यातून वाचायला शिकत होता. रोज थोडं थोडं तिकडे नेऊन ठेवलं असणार."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आपण शिकतोय, एवढंच दिसत होतं मला."

पडद्यावर ओळ उमटली: 'ढळ: चार कणे विलग. दुरुस्तीस पात्र व्यक्ती: नलिनी मेश्राम.' प्रतिकृतीनेच तिची पात्रता नोंदली होती. तिच्याशिवाय आता कुणाला त्या तारा माहीत नव्हत्या. सरांचे हात तर तारा धरायच्या कामाचेच राहिले नव्हते.

"वरुडटोल्याचे कणे पाडले तर?"

"तर तिसरं गाव," सर म्हणाले. "आणि त्याचा सराव तर आपण आधीच करून दिलाय."

ती तारांसमोर उभी राहिली. एक कणा जोडला तर चौथाई भार इकडे परतेल, दोन जोडले तर निम्मा, तेवढी वीज वरुडटोल्याला मिळेल, तेवढीच कुंदाच्या वॉर्डातून जाईल. चारही सोडवलेले ठेवावेत तर तिथली मुलं. चारही जोडावेत तर इथली चहा मागणारी आजी. कुठलीच वाट थोरली नव्हती.

तिने बहिणीला फोन लावला. "कुंदा, निम्मे पंखे बंद होतील."

"का? आत्ताच तर—"

"निम्मेच. वॉर्डाची कुठली बाजू चालू ठेवायची ते मला सांगू नकोस. तुझं तू ठरव."

पलीकडून पंख्यांचा आवाज येत होता.

"थोडा वेळ दे ताई," ती म्हणाली. "खाटा हलवाव्या लागतील."

नलिनीने पहिल्या कण्याची पहिली तार हातात घेतली आणि खाटा हलेपर्यंत थांबली.