समुद्राकाठचा पत्रा

सूपच्या वाडग्यात गंजाचा पापुद्रा पडला, तेव्हा पेई-शाननं आधी वाडग्याकडे पाहिलं, मग वर. टपरीच्या छपरावर बसून कुणीतरी जुने पत्रे उचकटत होतं. भोकातून एक चेहरा डोकावला – रापलेला, ओशाळलेला.

"माफ करा... दुसरं सूप माझ्याकडून."

"सूप राहू द्या. हा पत्रा किती वर्षं टिकला?"

तो खाली उतरला. मायाव त्याचं नाव. छेंगकुंग बंदरावरची निम्मी छपरं त्यानंच घातलेली. "सहा वर्षं. पाण्याच्या इतक्या जवळ म्हणजे पुष्कळ झालं."

"मला पुष्कळ नाही. माझं घर याहून जवळ आहे."

गेल्या वादळात तिचं अर्धं छप्पर उडालं होतं. पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान, मागे ती आणि आई, आणि डोक्यावर फडफडणारी ताडपत्री. काओशुंग शहरात राहणारा दादा सारखा म्हणायचा, घर विका आणि इकडे या. आईचा जन्म बंदरावर मासे विकण्यात गेलेला. तिला शहर नको होतं. पण एक दिवस तिनंच सांगितलं, "पुन्हा छप्पर गेलं तर मात्र मी मुकाट जाईन. तुझे हाल नाही बघवत." त्या दिवसापासून पेई-शाननं मनाशी पक्कं केलं – आता छप्पर जाणार नाही.

मायाव माप घ्यायला आला, तो पत्र्याचे तीन तुकडे घेऊन. जस्त चढवलेला, रंगीत पोलादी आणि ॲल्युमिनियमचा.

"लोक रंगीत घेतात. दिसतोही छान."

"हे तिन्ही ठेवून जा. स्क्रूसकट."

"कशाला?"

"हिवाळाभर समुद्राच्या बांधावर ठेवते. लाटांचा फवारा उडतो ना, तिथे."

तो हसला. "गिऱ्हाईक कंपनीचं ऐकतं, नाहीतर माझं. तुम्ही कुणाचं ऐकणार?"

"समुद्राचं."

मग दर आठवड्याला तो तुकडे बघायला येऊ लागला. बघून झालं की दुकानातल्या खुर्चीत बसायचा. त्याच्या केसांत लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असायचा. ती ब्रशनं हळूच झटकायची, आणि तो डोळे मिटून घ्यायचा.

"मायाव, गेल्याच आठवड्यात तर कापले केस. आता कापायला काही उरलं नाही."

"मग नुसते विंचरा."

"त्याचे पैसे घेत नाही मी."

"म्हणूनच तर येतो..."

आरशात तिची नजर त्याच्या नजरेला भिडली. तिनं कंगवा उगाच पाण्यात बुडवला.

हिवाळा सरून उत्तरेचे वारे ओसरले तोवर जस्त चढवलेला तुकडा तांबूस पडला होता. रंगीत पत्र्याच्या कापलेल्या कडेला फोड आले होते. नखानं खरवडला तर रंग सुटून हाती आला. ॲल्युमिनियमचा मात्र नुसता निस्तेज झाला होता.

"हाच," ती म्हणाली.

"महाग पडेल. शिवाय मऊ आहे, नारळ पडला तरी पोचा येतो. आणि स्क्रू स्टेनलेसचेच हवेत, नाहीतर स्क्रूच्या भोकाभोवती पत्रा खाल्ला जाईल."

"पोचा चालेल, भोक नको. दुकानात दुसरी खुर्ची घेणार होते, ती नाही घेत."

दादा फोनवर चिडला. पातळ पत्रा पतंगासारखा उडेल म्हणाला. "मग खालचे वासे जवळजवळ घालते," असं सांगून तिनं फोन ठेवला. मायावनं तसेच घातले. काम तो अगदी सावकाश करत होता. शेवटच्या दिवशी शिडी धरून ती खाली उभी होती.

"झालं ना रे सगळं? मग उतरत का नाहीस?"

'रे' तिच्या तोंडून निसटला होता. तो वरच थांबला.

"पेई-शान... तिकडे लांब, ताओयुआनला कारखान्यांच्या छपरांचं काम मिळालंय. उद्या निघतोय. नको म्हणालीस तर—"

तिला शिडी घट्ट धरावी लागली. "मी कशाला नको म्हणू? दादा मला इथून हलवायला बघत होता तेव्हा मी हलले नाही, माझं मी ठरवलं. तुला जायचं की राहायचं, ते तू ठरव."

तो गेला.

जुलैत वादळ आलं. दिवसभर वारा घराला हिसके देत राहिला. आई टेबलाखाली बसून होती आणि पेई-शान मायावनं घातलेल्या वाशांकडे बघत होती. कुठेतरी पत्रा वाजला की ती उठून त्या वाशाखाली जाऊन उभी राहायची. संध्याकाळी वारा पडला. छप्पर जागेवर होतं. आई बाहेर आली, बराच वेळ वर बघत उभी राहिली. "दादाला सांग," ती म्हणाली, "आम्ही येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेई-शान छपरावर चढून स्क्रू तपासत होती, तोच खालून हाक आली. मायाव. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात. दरडी कोसळून रस्ता बंद होता. पुढचं अंतर तो चालत आला होता.

शिडी चढून तो तिच्या शेजारी टेकला. "पत्रा कसा आहे?"

"हललासुद्धा नाही."

"बरं झालं..."

"तू पत्रा बघायला आलास?"

तो समुद्राकडे बघत राहिला. "नाही. तुला बघायला. परत जाणार नाहीये. तू ठेवून घेणार असशील तर."

"ठेवून घ्यायला तू काय सामान आहेस?" तिनं चिखलानं भरलेला त्याचा हात हातात घेतला. "लग्न करशील?"

मायावला हसू आवरेना. "हे मी विचारायचं ठरवून आलो होतो."

"मग सावकाश का चाललास? मीच आधी विचारून बसले."

खालून आईचा आवाज आला. "हो म्हण रे लवकर. तिचं ठरलंय, आता ती काही ऐकायची नाही."