डोळे आखायचे बाकी

चिमा भिंतीवर नुसते डोळे काढायची. चेहरा नाही, नाक नाही, तोंड नाही. फक्त डोळे. पाच वर्षांच्या पोरीने कोळशाने भिंत रंगवली तर त्यात झोप उडण्यासारखं काय आहे, असं मालनने स्वतःला छान समजावलं आणि मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहिली. लांज्याच्या शाळेत शिकवताना ती इतरांच्या आयांना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "मुलांना काढू द्या हो, अडवू नका." स्वतःच्या पोरीच्या हातातला कोळसा मात्र बाईंनी दोनदा हिसकावून चुलीत टाकला होता.

कारण होतं मालनचा थोरला भाऊ, सहदेव. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला त्याची गणपतीची शाळा होती. मूर्ती घडवण्याच्या जागेला तिकडे शाळाच म्हणतात. त्याने आखलेले डोळे बघायला मुंबईहून माणसं यायची. "मूर्ती बघते हो आपल्याकडे!" म्हणून अंगावरचा काटा एकमेकांना दाखवायची. ते डोळे आखताना सहदेव जेवायचा नाही, झोपायचा नाही, मूर्ती मला हाका मारतात म्हणायचा, ते बघायला कोणी येत नसे. एका वर्षी त्याने घागरींवर, दारांवर, शेवटी स्वतःच्या तळहातांवर डोळे काढले, तेव्हा मालनने त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या, झोप दिली, माणसांत आणून बसवलं. पुढे कितीतरी वर्षं तो पोटभर जेवला, हसला, चिमाच्या बारशाला येऊन तिचा पाळणा हलवून गेला. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

गावातले लोक म्हणत, औषधाने त्याचा हात गेला, मूर्तींच्या डोळ्यांतला तो जिवंतपणा गेला. मालनला मात्र नंतरचे ते शांत डोळेच आवडत. त्या डॉक्टरांची आठवण आली की तिचे हात आपोआप जुळायचे.

आषाढ संपत आला तशी ती घरचा पाट घेऊन निघाली. ज्याने त्याने आपला पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपला गणपती घडायचा, अशी रीत. एका काखेत पाट, एका हाताला चिमा, आणि पाटाला तिकीट पडतं का यावर एसटीच्या कंडक्टरशी हुज्जत.

शाळेत पोचली तेव्हा दुपारच होती, पण पावसाने अंधारून आलं होतं आणि वीज गेलेली. सहदेवच्या हाताखाली तयार झालेला काशीराम आता शाळा बघायचा.

"आलीस काय गो बायो?" त्याने चिमाचा गाल ओढला. "मालनताय, बसा तुमी. शेजारून कंदील घेऊन येतो."

"लवकर ये रे. आणि हिला मातीला हात लावू देऊ नकोस हं."

"माती हाय ती ताय, इचू नाय," असं म्हणून हसत तो पावसात गेला.

त्याच्या पाठोपाठ उजेडही गेल्यासारखा झाला. भिंतीला लागून मूर्तींच्या रांगा. रंग न लागलेल्या, राखाडी. सोंडा, कान, पोटं सगळं जागच्या जागी, आणि डोळ्यांच्या जागी गुळगुळीत माती. ओल्या मातीचा गार वास छातीत भरत होता. बाहेर पन्हळीचं पाणी एकसारखं पडत होतं. आणि त्या आवाजाखालून दुसरा आवाज आला.

थप्... थप्... मग जरा विसावा. थप्... थप्...

आतल्या खोलीत कोणीतरी माती मळत होतं. दोन थापा आणि एक विसावा. ही लय तिच्या ओळखीची होती; सहदेव अशीच माती मळायचा. ती चिमाचा हात घट्ट धरायला गेली, तर हात रिकामा.

"चिमा?..."

आतून चिमाचा हलका आवाज आला. "हो... बरं... सांगते."

मालन आत गेली. चिमा कोपऱ्यातल्या रिकाम्या चौरंगासमोर उभी होती, हात मागे बांधून, गुरुजींपुढे उभी राहावी तशी. वर, पार आढ्याजवळच्या फळीवर, एक मूर्ती होती. साऱ्या शाळेत त्या एकीलाच डोळे होते. मिटायला आलेले, तृप्त, शांत डोळे.

मागून कंदील आला.

"काशीराम... हे कोणी आखले?"

काशीरामने कंदील फळीकडे उंचावला. "रंगाचे डबे अजून फोडले पन नायत, ताय. आखणी सगळ्यात शेवटाला." टाचा उंचावून तो जवळून बघायला लागला. "आनि ही रेघ... ही दादांची."

"आणि माती कोण मळत होतं?"

"कंची माती? मी शेजारच्या पडवीतच व्हतो. कसलाच आवाज नव्हता."

मालनने खाली बसून चिमाचे हात उलटेसुलटे पाहिले. स्वच्छ होते.

"तू काढलेस ते डोळे?"

"नाही, मामाने. मी म्हटलं, मी काढते. तर तो म्हणाला, आधी जेवायचं. मग झोपायचं. मग काढायचे हवे तेवढे. आणि दमलं की ठेवून द्यायचं, कोणी हाका मारल्या तरी."

मालनला रडू फुटलं. जे शिकायला त्याला इस्पितळात जावं लागलं, ते तो तिच्या लेकीला आपणहून सांगून गेला होता. काशीरामसमोर असं मुसमुसणं शोभत नाही हे कळत असूनही तिने त्या रिकाम्या चौरंगाला वाकून नमस्कार केला.

"बरं केलंस रे दादा," ती पुटपुटली. "फार उपकार झाले. पोर माझी वाचली." आणि चिमाला जवळ ओढून म्हणाली, "आता घाबरणार नाही हो मी. उद्या सगळी भिंत रंगव."

चिमाने तिच्या गालावरचं पाणी पुसलं, आणि निरोप विसरू नये म्हणून एकेक शब्द सावकाश म्हणाली, "आई, ते थप् थप् मला नाही ऐकू आलं. मामालापण नाही. तो म्हणाला, ते आईला रोज रात्री ऐकू येतं. तिचा हात धर आणि माझ्या डॉक्टरांकडे घेऊन जा."