पाटकरांच्या डोक्यातली ईरा

माणूस चंद्रावर राहायला आला, तरी मीटिंगांनी काही त्याचा पिच्छा सोडला नव्हता. सकाळपासूनची तिसरी मीटिंग उरकून ऊर्मिला कारखानीस नियंत्रण कक्षापाशी आली, तर दारात दिगंबर पाटकर उभे. त्यांना पाहताच तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मॅडम, आजचा प्रवेश थांबवा."

"पाटकर, किती डोकं खाल माझं! चाचणी झाली ना? आकडे बरोबर आले ना? मग आता काय?"

ऊर्मिला गुहा प्रकल्पाची प्रमुख होती. चंद्राच्या पोटात फार पूर्वी लाव्हारस वाहून गेला आणि मागे एक प्रचंड पोकळी राहिली. तिचं तोंड पोलादी दाराने बंद करून आत हवा भरली होती. आज पहिली तुकडी आत जाऊन अंतराळपोशाख उतरवणार होती. दार आणि खडक यांच्यातला सांधा सुटला, तर पोशाख पुन्हा चढवायलाही वेळ मिळाला नसता. सांध्याची सावकाश चाचणी करायची, तर सगळंच लांबणार. म्हणून ऊर्मिलाने जलद चाचणीवर भागवलं होतं. तुकडीत सर्वांत पुढे होती वेल्डर ईरा, ऊर्मिलाची एकुलती एक मुलगी.

आणि पाटकर होते ऊर्मिलाचे शंकाधारक. निर्णय झाल्यावरही 'चुकलं तर?' असं पुन्हापुन्हा उकरून काढणारी एक गाठ आपल्या मेंदूत असते. तिच्यातले संकेत कानामागच्या पट्टीने टिपून दुसऱ्याच्या मेंदूत उतरवता येतात, हा शोध डॉ. नलिनी टिळेकरांचा. त्यामुळे मोठमोठे प्रकल्प रखडायचे थांबले. प्रमुखाने निर्णय घ्यायचे, शंका शंकाधारकाने वागवायच्या आणि एखादी खरी वाटलीच तर येऊन सांगायची. तुकडीतल्या कोकणी पोरांनी पाटकरांचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

ऊर्मिलाने वैतागून डॉ. टिळेकरांनाच कक्षात बोलावून घेतलं. "यांना दुसरं काहीतरी काम द्या हो!"

"मॅडमनी दार बसवताना सांध्याला हात लावला होता," पाटकर म्हणाले. "सांधा थरथरला. त्यांच्या मनात आलं, ईरा आत असताना हा सुटला तर? तेव्हापासून मला झोप नाही, डॉक्टर. घास उतरत नाही. त्या पोरीला मी एकदाही भेटलेलो नाही, पण डोळे मिटले की तीच दिसते."

ती थरथर ऊर्मिलाला अगदी नीट आठवत होती. त्यात एवढं काय, हेच तिला कळेना.

"पट्टी काढा," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टी असेपर्यंत यांचं ऐकून तुम्हाला शंका आली, तरी ती परत यांच्याकडेच जाणार."

"म्हणजे यांनी सांगून काही उपयोगच नाही? आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. पण ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांच्या कानामागे पट्ट्या होत्या."

ऊर्मिलाने पट्टी काढून टेबलावर आपटली आणि वाट पाहिली. ईराचं लहानपणचं आजारपण आठवून पाहिलं, तिच्या उशाशी काढलेल्या रात्री आठवून पाहिल्या. काही होईना. डॉक्टरांनी तिच्या मेंदूची प्रतिमा पडद्यावर घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गाठ सुकली आहे. प्लास्टरमधला हात वाळतो ना, तशी. वापराने भरून येईल, पण वेळ लागेल. तोवर यांचं ऐका. पटत नसलं तरी ऐका, ऊर्मिलाबाई."

"पटत नसताना ऐकू? आकडे माझ्यासमोर आहेत!"

खरं तर तिला घाबरायचं होतं. आपण आई आहोत, आपण घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. पण मनात चाचपून पाहिलं की हाती लागत होता तो नुसता वैताग. पाटकरांचा, डॉक्टरांचा, पुढे सरकणाऱ्या घड्याळाचा. तिने माइक ओढला आणि प्रवेशाचा आदेश दिला.

पडद्यावर दार सरकलं. तुकडी आत गेली आणि दार मिटलं. ईराने शिरस्त्राण उतरवलं, केस मोकळे केले आणि कॅमेऱ्याकडे वळून आईसाठी हात हलवला. ऊर्मिला पुढच्या मीटिंगची वेळ बघत होती. पाटकरांनी मात्र हात वर केला, आणि मग त्याच हाताने तोंड झाकून घेतलं.

"पाटकर," ती त्रासून म्हणाली, "तुम्ही कशाला रडताय? मुलगी माझी आहे ना?"