पिवळ्या पट्ट्यातलं पाणी

मुरबाडच्या कचेरीत भिंतीवर नव्या आराखड्याचा नकाशा लावला होता. कुणाली त्यात आपल्या गावचं पाणथळ शोधत होती. मागून एक बोट पुढं आलं.

“हे बघा. पिवळं केलंय.”

“पिवळं म्हंजे?”

“बांधकामाला मोकळं. भराव टाका, बंगले उठवा. हिरवं असतं तर कुणी हात लावला नसता.” बोलणारा स्वरूप, खालच्या वाडीचा. “आमच्या विहिरी त्याच पाण्यावर. हरकत द्यायला आलोय.”

पाणथळात कुणालीच्या वडिलांची, कमळाकरची, जमीन होती. ती बंगलेवाल्याला विकायची, आणि कल्याणच्या स्थळाला हवं तसं थाटाचं लग्न लावून द्यायचं, असं घरात ठरत आलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

“मग मी पण पिवळी...” ती पुटपुटली.

“काय?”

“हळद लागंल ना मला! द्या तो कागद. सही कुठं करू?”

स्वरूपनं खिशातलं पेन पुढं केलं.

साहेब पाहणीला येऊन गेले, पण निकाल लागेना. श्रावणभर सरी येत राहिल्या. स्वरूप पाण्याची खोली बघायला बांधावर यायचा, कुणाली म्हैस शोधायला. म्हैस गोठ्यातच असायची.

“सापडली?” तो विचारायचा.

“नाय ना. उद्या परत यावं लागंल.”

भातकापणी उरकली आणि एका दुपारी स्वरूप कचेरीतून थेट बांधावर आला. धापा टाकत. तिनं डोळे घट्ट मिटले.

“सांग... नको, थांब—”

“हिरवं झालं गो!”

ती मटकन बांधावरच बसली. हसली, मग रडली, मग ओढणीनं नाक पुसलं. पलीकडं बगळे निवांत चरत होते.

“बंगलेवाला गेला. आता कल्याणवालेही फिरकायचे नाय,” ती म्हणाली. “सुटले रे बाबा!”

स्वरूप शेजारी टेकला. “सुटलीस खरी... पण मी काय म्हणतो—हळद माझ्या नावाची असली, तर?”

तिनं मान खाली घातली. बोटानं चिखलात रेघ ओढली, पुसली.

“घरी ये मागायला. पण आज नको, हे ऐकून बाबा जेवायचे नायत. उद्या ये. नकाशाचं नाव काढू नको हां... आधी भाताचं बोल. भात यंदा बरा आलाय.”